सव्विसावा मासा

मार्च उजाडला की मला दोन प्रकारचे लोक छळतात. दोन्ही आपलेच, दोन्ही मराठी, दोन्ही मासे खाणारे.

पहिला प्रकार पुण्यात राहतो. मी टेक्ससमधल्या तळ्यावर क्रॅपी नावाचा मासा पकडायला जाते हे त्याला माहीत असतं, आणि सध्या या माशाचा विणीचा हंगाम चालू आहे हेही त्याने कुठेतरी पाहिलेलं असतं. मग फोन येतो. "अगं, अंडी घालायला आलेल्या माशाला मारता तुम्ही? थोडी तरी लाज बाळगा." हे म्हणणारी माझी मैत्रीण मालवणी हॉटेलात गेली की मेनूकार्ड उघडायच्या आधी वेटरला विचारते, गाभोळी आहे का तळलेली? ती गाभोळी कुणाच्या पोटातून येते, हा विषय जेवताना काढायचा नसतो.

दुसरा प्रकार लांज्याजवळ राहतो. माझा मावसभाऊ, दादा. मृगाचा पहिला दणका बसून पऱ्ये वाहायला लागले की बत्ती, कोयता आणि पाग घेऊन रात्री चढणीचे मासे मारायला निघणाऱ्यांत तो पुढे असतो. "मोरीच्या तोंडाला आख्खं जाळं लावू नका रे" एवढंच मी म्हणते. उत्तरादाखल तो माझाच फोटो मला पाठवतो. फोटोत मी हसतेय आणि माझ्या हातात पोट टम्म फुगलेली क्रॅपी आहे. खाली लिहिलेलं असतं, "तुमच्या अमेरिकेत चालतं, मग आम्हालाच कशाला शिकवतेस गो?"

मला दोघांशीही भांडायचं आहे, आणि जमलं तर एकाच लेखात. कारण दोघं एकाच ठिकाणी घसरतात. दोघंही माशाच्या पोटाकडे बघतात. तिला त्या पोटात पाप दिसतं, त्याला परवानगी दिसते. मला विचाराल तर विणीच्या दिवसांत मासा पकडावा की नाही, याचं उत्तर पोटात नसतंच. किती पकडले, कशाने पकडले, कशासाठी पकडले आणि हे सगळं मोजतंय कोण, यात ते असतं.

आधी मासा बघू

क्रॅपी हा गोड्या पाण्यातला मासा. चपटा, चंदेरी, अंगावर काळे ठिपके. पांढरी क्रॅपी आणि काळी क्रॅपी अशा दोन जाती. मूळ उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या, आता जवळजवळ देशभर पसरलेल्या. पूर्व टेक्ससमधली म्हातारी माणसं तिला 'व्हाइट पर्च' म्हणतात. तोंडाची कातडी इतकी पातळ की गळ जोरात ओढला तर फाटते, म्हणून तिला 'पेपरमाउथ' असंही नाव आहे, म्हणजे कागदी तोंडाची. जगातली सगळ्यात मोठी म्हणून नोंदलेली पांढरी क्रॅपी १९५७ साली मिसिसिपीतल्या एनिड धरणावर मिळाली, ५ पौंड ३ औंसांची, म्हणजे सव्वादोन किलोच्या वर. तुमच्याआमच्या गळाला लागते ती पाव ते अर्ध्या किलोची. मांस पांढरं आणि गोडसर. इथले लोक मक्याच्या पिठात घोळवून तळतात. मी हळद, मीठ, कोकमाचं आगळ चोळून रव्यात घोळवते. शेजारचे आजोबा आता तसंच मागतात.

वर्षातला बराच काळ ही क्रॅपी खोल पाण्यात, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत दडून असते. शोधता शोधता दिवस जातो. वसंतात पाणी तापायला लागतं. साधारण १६ ते २० अंश सेल्सियस झालं की ती किनाऱ्याकडे सरकते. टेक्ससमध्ये हे मार्च-एप्रिलमध्ये होतं, उत्तरेला मिनेसोटात मे उजाडतो. जुने लोक थर्मामीटर बघत नाहीत. डॉगवुडच्या झाडावर पांढरी फुलं दिसली की ते बोटी बाहेर काढतात.

नर आधी येतो. या दिवसांत त्याचं अंग काळंभोर पडतं. उथळ पाण्यात, लव्हाळ्याच्या मुळाशी किंवा बुडालेल्या झुडपाच्या बुंध्याशी तो तळ साफ करून वाटीसारखा खळगा करतो. माद्या येतात, अंडी घालतात आणि खोल पाण्यात परत जातात. मागे नर राहतो. काही दिवसांत अंडी फुटतात, आणि पिल्लं घरटं सोडून जाईपर्यंत तो तिथून हलत नाही. जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जातो. अंडी खायला टपलेल्या ब्लूगिल माशांवर जातो, आणि माझ्या गळावरच्या पिसांच्या इवल्याशा जिगवरही जातो.

म्हणूनच हे दिवस सोपे. दहा-बारा फुटांची काठी, बारीक दोरी, जेमतेम पावणेदोन ग्रॅमचा जिग आणि वर एक बूच. झुडपाच्या कडेला जिग सोडायचा, स्थिर धरायचा. बूच बुडतं. बोट नसलेलाही किनाऱ्यावर खुर्ची टाकून पकडू शकतो. नातवंडांना पहिला मासा दाखवायला आजी-आजोबा याच दिवसांत येतात.

पुण्याच्या मैत्रिणीला

तुझा मुद्दा मी तुझ्यापेक्षा जोरात मांडते, म्हणजे मी सोपी बाजू निवडली असं तुला वाटायला नको.

तू म्हणतेस, अंडी भरलेली मादी मारणं वाईट. मी म्हणते, नराचं प्रकरण त्याहून कठीण आहे. मादी अंडी घालून निघून गेलेली असते. नर भुकेपोटी गळ धरत नाही, राखणीपोटी धरतो. त्याला वर ओढला की घरट्यावर कुणी उरत नाही. आपण त्याला मारतो तेव्हा त्याच्या मागची अंडीही मोजायला हवीत. इतकं मी स्वच्छ मान्य करते. विणीतली मासेमारी निष्पाप आहे असं जो म्हणतो त्याने नर क्रॅपी काय करतो ते पाहिलेलंच नाही.

पण आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. नोव्हेंबरात खोल पाण्यातून पकडलेली मादी एप्रिलमध्ये अंडी घालणार होती की नाही? तिची अंडी तू का मोजत नाहीस? पोट सपाट दिसतं म्हणून? तळ्याच्या दृष्टीने पाहिलं तर नोव्हेंबरात मेलेली मादी आणि मार्चात मेलेली मादी, दोघीही एप्रिलच्या विणीत नसतात. फरक तळ्याला पडत नाही, आपल्या डोळ्यांना पडतो. फुगलेलं पोट दिसलं की आपल्याला गलबलतं, सपाट पोट पाहून आपण मसाला वाटायला घेतो. ही करुणा आहे हे मला मान्य आहे. पण तिला पर्यावरणाची काळजी म्हणू नकोस.

क्रॅपीच्या बाबतीत तर गणित आणखी वेगळं आहे. एक मादी हजारोंनी अंडी घालते, मोठी असेल तर लाखाच्याही पुढे जाते. त्यातली किती पिल्लं जगणार हे ठरतं ते मुख्यतः पाण्यावरून. वसंतात तळ्याची पातळी चढती राहिली, काठची झुडपं पाण्याखाली गेली, तर पिल्लांना लपायला जागा मिळते आणि खायला मिळतं. पातळी अचानक उतरली तर घरटी उघडी पडतात. म्हणून या माशाची पैदास लहरी असते. एखादं वर्ष भरभरून, पुढची दोन वर्षं कोरडी. लहान शेततळ्यात तर उलटाच त्रास होतो. क्रॅपी सोडली की ती वारेमाप वाढते, अन्न पुरत नाही, आणि सगळ्या माशांची वाढ बोटभर लांबीवर खुंटते. तिथे जीवशास्त्रज्ञच सांगतात की काढा, खा, सोडून देऊ नका.

म्हणजे "विणीत मासा मारू नये" हा सगळीकडे लागू पडणारा नियमच नाही. तो काही माशांना लागू पडतो, काहींना नाही. मिनेसोटात बघ. तिथल्या तळ्यांत क्रॅपी वर्षभर पकडता येते, रोज १०. पण त्याच तळ्यांतला वॉलआय नावाचा मासा विणीच्या दिवसांत बंद असतो, आणि त्याचा हंगाम मेच्या मध्यावर उघडतो. राज्य एक, तळं एक, मासे दोन, नियम दोन. एकच भावना सगळीकडे लावून चालत नाही, प्रत्येक मासा वेगळा समजून घ्यावा लागतो.

वहीत काय लिहिलेलं असतं

आता मी जिथे जाते त्या तळ्याबद्दल. डॅलसच्या पूर्वेला दीडेक तासावर लेक फोर्क आहे. नाव लेक असलं तरी हे धरणच. १९८० साली अडवलेलं, सुमारे २७ हजार एकरांचं. पाणी भरताना झाडं तोडली नाहीत, त्यामुळे आजही मैलोन् मैल पाण्यातून सुकलेले बुंधे वर आलेले दिसतात. क्रॅपीला याहून चांगलं घर नाही.

इथे काठी टाकण्याआधी परवाना लागतो. दिवसाला २५ क्रॅपी, त्याही प्रत्येकी किमान १० इंचांच्या, हा टेक्ससचा सर्वसाधारण नियम. सव्विसावी पकडलीस आणि ठेवलीस, किंवा साडेनऊ इंचांची ठेवलीस, तर २५ ते ५०० डॉलर दंड. बर्फाचा डबा उघडून मोजायला वॉर्डन कधी येईल सांगता येत नाही. क्रॅपी फक्त काठी आणि दोरीनेच पकडायची, जाळं चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तळ्यातून पकडलेली क्रॅपी विकता येत नाही. खायची, वाटायची, पण बाजारात न्यायची नाही. या एका कलमाने अर्धी लूट जन्माआधीच मरते.

हिवाळ्यात हाच नियम डोक्यावर उभा राहतो. लेक फोर्कवर डिसेंबर ते फेब्रुवारी लांबीची अट नसते, आणि जी क्रॅपी लागेल ती ठेवावीच लागते, २५ भरेपर्यंत. छोटी म्हणून सोडून द्यायची मुभा नाही. हे ऐकून पहिल्यांदा विचित्र वाटतं. कारण साधं आहे. थंडीत मासे फार खोलात असतात. तिथून झटकन वर ओढलं की दाब कमी होऊन त्यांची हवेची पिशवी फुगते. वरून सोडून दिलेला मासा पोहत गेल्यासारखा दिसतो आणि नंतर मरतो. म्हणून कायदा म्हणतो, खोटं पुण्य नको, घरी ने आणि खा.

हा नियम मला फार आवडतो, कारण माशाचं काय होतं हे बघून तो केलेला आहे. आपल्याला कसं वाटतं याला त्यात जागा नाही. असा नियम करायला आधी कुणीतरी मोजलेलं असावं लागतं. राज्याचे जीवशास्त्रज्ञ सापळा-जाळी लावून क्रॅपी मोजतात, धक्क्यावर उभं राहून लोकांना विचारतात किती तास बसलात, किती मिळाल्या. बास मासे मोजायला ते पाण्यात विजेचा प्रवाहही सोडतात. मासे गुंगतात, वर येतात, त्यांची लांबी-वजन लिहितात आणि परत सोडतात. दादा, हे वाक्य लक्षात ठेव, मी पुन्हा याच्याकडे येणार आहे.

या मोजणीचे पैसे कुठून येतात? परवान्यांतून, आणि एका जुन्या करातून. १९५० साली अमेरिकन काँग्रेसने कायदा केला. काठ्या, रिळं, गळ अशा बहुतेक सामानावर १० टक्के केंद्रीय अबकारी कर, आणि तो पैसा राज्यांना माशांच्या कामासाठीच द्यायचा. १९८४ मध्ये त्यात मोटरबोटींच्या इंधनावरचा करही जोडला गेला. मी दुकानात जिगचं पाकीट घेते तेव्हा त्यातले काही सेंट माझ्याच बर्फाच्या डब्यावर नजर ठेवायला जातात. मला यात काही अपमानास्पद वाटत नाही.

इथलेही साव नाहीत

हे वाचून कुणाला वाटेल की मी अमेरिकेची आरती ओवाळतेय. तसं नाही. इथल्या लोकांची खोड मी दरवर्षी बघते.

२५ ही मर्यादा आहे. छत असतं तशी. पण बहुतेकांनी तिचं उद्दिष्ट करून टाकलंय. 'लिमिट आउट' झालं की दिवस यशस्वी, अठरा मिळाल्या तर दिवस वाया. धक्क्यावर चौघांच्या शंभर क्रॅपी ओळीत मांडून फोटो काढायचा, आणि फ्रीझरमध्ये मागच्या वर्षीच्या पिशव्या तशाच पडलेल्या. कायदा मोडला का? नाही. मग चांगलं वागलात का? तेही नाही. कायदा एवढंच सांगतो की तळं २५ सोसेल. तुझ्या घरात खाणारी तोंडं किती, हे त्याने सांगायचं नसतं.

दुसरी खोड नवीन आहे. बोटीच्या पुढे काय आहे ते स्क्रीनवर जिवंत दाखवणारे सोनार गेल्या काही वर्षांत आले. आता झुडपात क्रॅपी आहे का, किती मोठी आहे, जिगकडे वळली का, सगळं दिसतं. २५ चा आकडा अशा काळात ठरला होता जेव्हा मासा लपू शकत होता. लपायची जागाच काढून घेतल्यावर जुना आकडा जुनाच अर्थ देईल का, यावर इथे जोरदार भांडणं चालू आहेत. चालू आहेत हे बरं आहे. वही बंद करून कपाटात ठेवायची नसते.

तिसरी खोड म्हणजे फोटोसाठी सोडून देणारे. काळाभोर नर घरट्यावरून उचलायचा, सगळ्या बाजूंनी फोटो, मोजपट्टीवर ठेवून आणखी एक, मग हळुवार पाण्यात सोडायचा आणि खाली लिहायचं 'जगू द्या'. तेवढ्या वेळात ब्लूगिलांनी घरटं साफ केलं असेल. त्यापेक्षा चार मासे घरी नेऊन तळणारा म्हातारा मला जास्त प्रामाणिक वाटतो. त्याने काय घेतलं हे त्याला ठाऊक असतं.

आता दादा

दादा, तुझं वाक्य मला तोंडपाठ आहे. "अमेरिकेत चालतं." चालतं ना. पण अमेरिकेत चालणाऱ्यातलं अर्धंच तू उचललंस. मासा उचललास, वही तिथेच ठेवलीस.

पहिल्या पावसाला चढणारा मासा आणि एप्रिलची क्रॅपी यांचं नातं खरंच आहे. दोन्हीकडे मासा अंड्यासाठी उथळ पाण्यात येतो, आणि म्हणूनच हातात येतो. शिंगटी, खवली पऱ्याच्या प्रवाहाविरुद्ध चढून शेतात, खाचरात येतात. मरळ तर क्रॅपीच्या नरासारखीच आपल्या लालसर पिल्लांचा थवा राखत फिरते. कोकणात लहानपण गेलेल्या कुणालाही हा थवा सांगायला नको.

पण एक फरक तुला दिसत नाही. क्रॅपी २७ हजार एकरांच्या तळ्याच्या काठाकाठाने पसरून वीण करते. एका झुडपावर मी बसले तरी शेजारची हजार झुडपं मोकळी असतात. तुझा पऱ्या चार हातांचा. त्यावर सिमेंटची एक मोरी. त्या मोरीच्या तोंडाला मच्छरदाणीच्या कापडाचं जाळं लावलं की त्या पाण्यात चढणारं सगळं एका रात्रीत तुझ्या पोत्यात. तिथे मर्यादा २५ ची नाही, २५ हजारांचीही नाही. संपेपर्यंत, एवढीच.

आणि हे आजोबांच्या काळापासून चालत आलंय, असं सांगू नकोस. आजोबांकडे बांबूच्या कामट्यांचे सापळे होते, पाग होता, आणि एका माणसाचे दोन हात होते. त्यांच्या हत्यारांतच मर्यादा विणलेली होती. कामट्यांच्या फटींतून बारीक मासा निसटायचा. पावसात भिजत एका रात्री किती करणार? पकडलेलं वाडीत वाटलं जायचं, उरलेलं सुकवायचं. ती त्यांची वही होती. कुणी लिहिली नव्हती म्हणून ती नव्हती असं होत नाही. ती तुम्ही फाडलीत. तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडता, किंवा बॅटरी घेऊन फिरता. इथले लोकही करंट सोडतात म्हटलं ना मी? ते मोजायला सोडतात आणि मासा परत पाण्यात जातो. तुमच्या करंटमध्ये मासा, पिल्लं, बेडूक, खेकडे सगळं उलटं होतं, आणि एखाद्या वर्षी माणूसही. ब्लीचिंग पावडर आणि फवारणीचं औषध ओतणारे वेगळेच. पाण्यात विष कालवून किंवा सुरुंग फोडून मासे मारणं या देशात १८९७ सालीच कायद्याने गुन्हा ठरलं. तेव्हा गांधी अजून दक्षिण आफ्रिकेत वकिली करत होते. 'नवीन नियम लादताय' ही तक्रार इथे टिकत नाही.

समुद्राचं बघ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, ६१ दिवस. त्यावर तक्रारी होतात, चोऱ्याही होतात, पण तत्त्व प्रत्येक कोळ्याच्या पोराला माहीत असतं. तीच अक्कल खाडीच्या वर आल्यावर, पऱ्यात शिरल्यावर कुठे जाते?

"गरिबालाच नियम का?"

दादाचा यावरचा सवाल मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. तो म्हणतो, नदीवर बंधारे कोणी बांधले? माशाची चढायची वाट तर तिथेच बंद झाली. वाळू कोणी उपसली? कारखान्याचं पाणी रात्री कोण सोडतं? त्यांना कोणी विचारत नाही आणि पऱ्यावर चार मासे मारणाऱ्याला सगळे शिकवतात.

बरोबर आहे. बंधाऱ्याने अडवलेला मासा जाळ्यात अडकलेल्यापेक्षा जास्त असेल, आणि त्याला वाट ठेवायची जबाबदारी बांधणाऱ्याची आहे. ती मागायलाच हवी. पण ज्याच्या नदीचा मासा आधीच अर्धा झालाय त्याने उरलेला अर्धा जपायचा की संपवायचा? धरणाने नेलं म्हणून मीही नेतो, हा सूड माशावर निघतो, धरणाला काही होत नाही. आणि वाळूवाल्याला जाब विचारायचा तर आपले हात आधी मोकळे असावे लागतात.

'गरीब' या शब्दाची ढालही जपून वापर. रायगड, पालघरच्या कातकऱ्यांसाठी ओढ्यातला मासा हे रोजचं जेवण आहे. त्यांचा हक्क पहिला, आणि त्यांच्यावर कुठलीही बंदी यायची तर ती सगळ्यांत शेवटी. पण पहिल्या पावसाला मुंबई-पुण्याहून चार गाड्या भरून येणारे, हेडलॅम्प लावून पोतं भरणारे, आणि गावाच्या नावासकट रील टाकणारे गरीब नाहीत. त्यांच्या रीलमुळे पुढच्या शनिवारी आणखी दहा गाड्या येतात. पोतं भरतं त्यांचं, आणि ओढा रिकामा होतो कातकऱ्याचा.

म्हणून मला बंदी नकोय. पुण्याची मैत्रीण बंदीच मागते, कारण तिला चढणीची गरज नाही. मला मोजणी हवी आहे, आणि ती गावाने करावी. काय करता येईल ते सांगते. पऱ्याची अर्धी रुंदी कायम मोकळी ठेवायची, मोरीच्या तोंडाला जाळं अजिबात नाही. पहिला जोराचा पाऊस झाला की पहिल्या दोन रात्री कुणीच उतरायचं नाही, पहिली चढण वर जाऊ द्यायची. घरटी एक पाग. पकडलेलं विकायचं नाही. करंट आणि विष दिसलं तर नाव ग्रामसभेत. बाहेरच्या गाडीला पऱ्यावर मज्जाव. आणि शाळेच्या पोरांना एक वही द्यायची, कुठल्या रात्री कुठल्या जातीचे किती मासे आले ते लिहायला. तीन पावसाळ्यांनंतर ती वही वाचली की अर्ध्या रुंदीचा नियम पुरेसा आहे की कमी, ते कळेल. क्रॅपीचे नियमही आभाळातून पडले नव्हते, मोजून मोजून बदलत आले आहेत.

दादा म्हणेल, इथे वॉर्डन कुठे आहे? दंड कोण करणार?

मग मी त्याला महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीला घेऊन जाईन. काळ नदीचा तो डोह, देवीचा म्हणून राखलेला. तिथले महसीर मासे माणूस बघून काठाशी येतात आणि त्यांना कुणी हात लावत नाही. किंवा वाडा तालुक्यातल्या तिळशाला, वैतरणेवर तिळसेश्वराच्या देवळाखालच्या पाण्यात. तिथेही तेच. ना वॉर्डन, ना परवाना. लोकांनी मिळून ठरवलंय की या डोहातली मर्यादा शून्य, आणि ती पिढ्यान् पिढ्या पाळली जातेय. देवाच्या नावाने का असेना, ही वहीच आहे. आपल्याला मोजता येत नाही, आपल्याला पाळता येत नाही, हे मला कुणी सांगू नये. एका डोहापुरतं शून्य पाळणाऱ्या माणसाला पऱ्यापुरतं अर्धं पाळता येतं.

तेव्हा पुढच्या मार्चात मैत्रिणीचा फोन आला तर मी तिला विचारणार आहे, तू मागवलेल्या गाभोळीचा हिशेब कोण ठेवतं? आणि जूनमध्ये दादाने माझा फोटो परत पाठवला तर त्याला एवढंच लिहिणार आहे: फोटोत माझ्या हातातला मासा तुला दिसतो, पण मी पाण्यात ठेवलेला सव्विसावा दिसत नाही. तुमच्या पऱ्यातला सव्विसावा कुठे आहे?